बेरजेची परीक्षा

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असते. तिथे गाठ वाढू लागली तरी ती हाताला लागत नाही आणि रुग्णाला सांगण्यासारखे फारसे काही होत नाही. थोडे अपचन, पाठीत कळ, भूक मंदावणे, वजन उतरणे. क्वचित एखाद्याला अचानक मधुमेह निघतो. पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ दिसेपर्यंत किंवा सोनोग्राफीत यकृतावर ठिपके सापडेपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. पाचांपैकी साधारण चौघांची हीच कथा. अशा पसरलेल्या रोगावर उरतो तो औषधांचा उपचार. त्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास सहसा चढत्या पायऱ्यांसारखा सांगितला जातो: आधी एक औषध होते, मग दोन झाली, मग चार, आणि त्या प्रमाणात आयुष्याचे महिने वाढत गेले. कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. या रोगात औषधांची बेरीज बहुतेक वेळा फसली, काही वेळा रुग्णांच्या जिवावर उठली आणि मोजक्या वेळीच जमली. जमली तेव्हा ती औषधे वाढवल्यामुळे जमली नाही. आधीच्या बेरजा खोट्या ठरवण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांच्या चाचण्यांनी जमिनीचा कस सांगितला होता, म्हणून जमली. या क्षेत्रातील खरी कमाई ‘नाही’ म्हणणाऱ्या चाचण्यांची आहे, असे माझे म्हणणे आहे.

अनेक औषधे एकत्र देण्याची कल्पना कर्करोगशास्त्राला क्षयरोगाकडून मिळाली. स्ट्रेप्टोमायसिन एकटे दिले की काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होत; सोबत पॅस हे दुसरे औषध दिले की ती वाट अडते, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1950 च्या सुमारास दाखवून दिले होते. पुढच्या दीड दशकात अमेरिकेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात चार औषधांची जोडणी वापरली. व्हिन्सेंट डीव्हिटा यांच्या गटाने हॉजकिन्स लिम्फोमात ‘मॉप’ नावाच्या चार औषधांच्या उपचाराने निम्म्याहून अधिक रुग्णांना दीर्घकाळ रोगमुक्त ठेवले. 1970 च्या दशकात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनला दोन औषधांची जोड देऊन पसरलेला वृषणाचा कर्करोगही बरा होतो, हे सिद्ध केले. या यशांमागे काही नियम होते. प्रत्येक औषध एकटे दिले तरी त्या रोगावर चालले पाहिजे. प्रत्येकाची मारण्याची पद्धत वेगळी हवी. आणि दुष्परिणाम एकाच अवयवावर येऊन साचता कामा नयेत, म्हणजे प्रत्येकाचा डोस पुरेसा ठेवता येतो. स्वादुपिंडाच्या बाबतीत पहिल्याच नियमापाशी घोडे अडत होते. चार्ल्स हायडेलबर्गर यांनी 1957 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये तयार केलेले फ्लुओरोयुरॅसिल, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडचे फाइव्ह-एफयू, हे एकच औषध थोडेफार चालत होते. बाकीची जवळपास चालतच नव्हती. एकट्याने न चालणारी औषधे एकत्र केली की ती चालू लागतील, या आशेला तर्काचा आधार नव्हता. शेजारच्या रोगांत मिळालेल्या यशाचा दबाव मात्र मोठा होता.

त्या दबावाखाली 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1980 च्या दशकात जोडण्यांचे पेव फुटले. फाइव्ह-एफयू, अॅड्रियामायसिन आणि मायटोमायसिन मिळून ‘फॅम’ झाले. अॅड्रियामायसिनच्या जागी स्ट्रेप्टोझोसिन घातले की ‘एसएमएफ’. सुरुवातीच्या लहान अभ्यासांत यांपैकी काहींनी तीसेक टक्के, क्वचित त्याहूनही अधिक रुग्णांच्या गाठी आक्रसल्याचे आकडे दिले. ब्रिटनमध्ये मॅलिन्सन आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये पाच औषधांची जोडणी आणि औषधाविना देखभाल यांची तुलना छापली: एका बाजूला मध्यक आयुर्मान 44 आठवडे, दुसऱ्या बाजूला 9. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या अलीकडे गेले आणि निम्मे पलीकडे जगले, तो टप्पा. असा फरक या रोगात कोणी पाहिला नव्हता, आणि अशा आकड्यावर डॉक्टरांनी विश्वास ठेवावासा वाटणे स्वाभाविकच होते.

मग आकडे फुगत कुठे होते? याचे एक उत्तर अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या चार्ल्स मोर्टेल यांनी आधीच शोधून ठेवले होते. त्यांनी आणि जेम्स हॅनली यांनी 1976 मध्ये छापलेला प्रयोग आजही वाचण्यासारखा आहे. त्यांनी लहानमोठ्या आकाराचे 12 घट्ट गोल घेतले, ते एका मऊ गादीवर मांडले आणि वरून फोमचे आवरण घातले. मग 16 अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना नेहमीच्या पद्धतीने हाताने चाचपून त्या ‘गाठी’ मोजायला सांगितले. त्या काळात पोटातील गाठ वाढली की घटली, हे बऱ्याचदा असेच हाताने ठरत असे. गोल तर जागचे हलणारही नव्हते, आक्रसण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही दोन मोजण्यांमधला निव्वळ हाताचा फरक इतका निघाला, की 25 टक्के घट म्हणजे प्रतिसाद असे मानले, तर न बदललेल्या गाठींपैकी जवळपास पाचवा हिस्सा ‘औषधाला प्रतिसाद देणारा’ ठरला असता. 50 टक्क्यांची अट घातली तेव्हा हा खोटा प्रतिसाद बराच खाली आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने मोजमापाचे जे निकष ठरवले, त्यांत 50 टक्के घटीचीच अट आली. ज्या रोगात गाठीला नीट हातही लागत नाही, त्या रोगातील तीस-चाळीस टक्क्यांचे आकडे कशावर उभे होते, हे या एका प्रयोगावरून कळते. त्यात आणखी एक गोष्ट मिसळली जाई. तुलनेचा गट नसलेल्या लहान अभ्यासात कोणाला घ्यायचे हे डॉक्टर ठरवत, आणि साहजिकच धडधाकट रुग्ण आधी घेतले जात. असा रुग्ण औषधाविनाही थोडा अधिक जगतो. श्रेय औषधाच्या खात्यावर पडते.

सोक्षमोक्ष लागला तो मोठ्या तुलनात्मक चाचण्यांत. उत्तर-मध्य अमेरिकेतील रुग्णालयांच्या गटातर्फे कलिनन आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये एकटे फाइव्ह-एफयू आणि ‘फॅम’सारख्या जोडण्या शेजारी ठेवल्या, आयुर्मानात फरक नव्हता. 1990 मध्ये त्यांनी मॅलिन्सन यांची ती पाच औषधेच तपासायला घेतली. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली, म्हणजे कोणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या हाती राहिले नाही. पाच औषधांनी एका औषधापेक्षा आयुष्य वाढवले नाही. त्रास तेवढा वाढवला. दहा वर्षे चाललेली आशा एका निबंधाने संपली. ही घटना अपयशांच्या यादीत टाकली जाते, ते मला पटत नाही. त्या निबंधानंतर किती रुग्णांच्या शेवटच्या महिन्यांतील उलट्या, तोंड सोलवटणे आणि रुग्णालयाच्या फेऱ्या टळल्या असतील, याची मोजदाद कोणी केली नाही. पण उपचार म्हणून ती मोठीच गोष्ट होती.

जेमसिटाबिनची चाचणी या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. एली लिली कंपनीत लॅरी हर्टेल यांनी हा रेणू प्रथम विषाणूविरोधी औषध म्हणून बनवला होता. हॉवर्ड बरिस आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये छापलेल्या चाचणीत 126 रुग्ण होते, दोन्ही बाजूंना 63. त्यांनी मुख्य प्रश्न बदलला. गाठ किती आक्रसली हे मागे ठेवून त्यांनी विचारले: रुग्णाच्या वेदना घटल्या का? वेदनाशामकांची गरज कमी झाली का? तो उठून आपली कामे करू लागला का? वजन सावरले का? आणि ही सुधारणा सलग चार आठवडे तरी टिकली का? औषध सुरू करण्यापूर्वी वेदनाशामकांचा डोस स्थिर करून घेतला, म्हणजे नुसत्या मॉर्फिनच्या समायोजनाचे श्रेय जेमसिटाबिनला जाऊ नये. निकाल: जेमसिटाबिन घेणाऱ्या 63 पैकी 15 जणांना असा आराम पडला, फाइव्ह-एफयू घेणाऱ्या 63 पैकी तिघांना. मध्यक आयुर्मान 5.65 महिने विरुद्ध 4.41. वर्षभरानंतर जिवंत असलेले 18 टक्के विरुद्ध 2 टक्के. फाइव्ह-एफयू ज्या पद्धतीने दिले ती पद्धत दुबळी होती, ही टीका योग्यच आहे. पण हाताने चाचपण्यापासून रुग्णाच्या स्वतःच्या वेदनेच्या नोंदीपर्यंतचा हा प्रवास मला त्या सव्वा महिन्याइतकाच मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1996 मध्येच या औषधाला मान्यता दिली होती. एकट्याने चालणारे आणि बऱ्यापैकी सोसवणारे औषध आता हाती होते.

आणि लगेच त्यात बेरीज सुरू झाली. पुढची बारा-तेरा वर्षे जगभर एकच साचा चालला: जेमसिटाबिन अधिक आणखी एक. फाइव्ह-एफयू जोडले, सिस्प्लॅटिन जोडले, ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकन, पेमेट्रेक्सेड, एक्झाटेकन. मग ‘लक्ष्यवेधी’ म्हणवल्या जाणाऱ्या औषधांची पाळी आली: टिपिफार्निब, सेटुक्सिमॅब, अॅक्सिटिनिब. बेव्हासिझुमॅबचा प्रवास नमुन्यादाखल पाहावा. 2005 मध्ये 52 रुग्णांच्या, तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासात जेमसिटाबिनसोबत ते दिले तेव्हा मध्यक आयुर्मान 8.8 महिने निघाले आणि उत्साहाला उधाण आले. त्यानंतर 602 रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना खरे औषध आणि निम्म्यांना निष्क्रिय द्रव दिला गेला. निकाल 5.8 महिने विरुद्ध 5.9. तीन महिन्यांची जी वाढ दिसली होती, ती औषधाची नव्हतीच; रुग्णांच्या निवडीची होती. एर्लोटिनिबने तेवढी संख्याशास्त्राची रेषा ओलांडली. 569 रुग्णांत 6.24 महिने विरुद्ध 5.91, म्हणजे मध्यकात दहा दिवसांची भर, आणि तीही पुरळ आणि जुलाब सोसून. 2005 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पुरेसे रुग्ण घेतले की अगदी लहान फरकही ‘सिद्ध’ करता येतो. सिद्ध होणे आणि रुग्णाला उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एर्लोटिनिबने सर्वांना शिकवले.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हजारो मरणासन्न माणसे या फसलेल्या चाचण्यांत घातली, ती कशासाठी? इतक्या वेळा तोंडघशी पडूनही तोच साचा का चालवला? यातला दुसरा भाग मला मान्य आहे. लहान अभ्यासातील आकड्यांवर भाळून मोठ्या चाचण्या उभारल्या गेल्या. ज्या औषधाला या रोगात स्वतःचे बळ नव्हते, ते जेमसिटाबिनच्या खांद्यावर बसवले गेले. विक्रीत असलेल्या औषधाला आपले औषध जोडणे कंपन्यांना सोयीचे होते, हेही खरे. पण पहिल्या भागाचे उत्तर वेगळे आहे. या चाचण्या झाल्याच नसत्या, तर रुग्णांना ही औषधे मिळालीच नसती असे नाही. 52 रुग्णांच्या अभ्यासाच्या बळावर ती सर्रास दिली गेली असती, वर्षानुवर्षे, आणि त्यांची निरुपयोगिता कोणालाच कळली नसती. शिवाय त्या ढिगाऱ्यात एक धागा दडलेला होता. जर्मनीचे फोल्कर हाइनमान आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अशा 15 चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा दिसले की प्लॅटिनम वर्गातील किंवा फाइव्ह-एफयूच्या कुळातील औषध जोडल्यावर थोडा फायदा होतो, आणि तो जवळपास सगळा धडधाकट रुग्णांच्या वाट्याला येतो. खाटेला खिळलेल्या रुग्णाला जोडणीचा उपयोग नाही. एकेकट्या, फसलेल्या म्हणून बाजूला ठेवलेल्या चाचण्यांनी मिळून पुढचा रस्ता दाखवला होता: कोणती औषधे आणि कोणासाठी.

फ्रान्समध्ये हा रस्ता आधीच चोखाळला जात होता. नॅन्सी शहरातील कर्करोग केंद्राचे थिएरी कॉनरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमसिटाबिन बाजूलाच ठेवले. आतड्याच्या कर्करोगात नावारूपाला आलेली औषधे त्यांनी एकत्र केली: फाइव्ह-एफयू, त्याचा मदतनीस ल्युकोव्होरिन, इरिनोटेकन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन. नाव पडले फोल्फिरिनॉक्स. यांतल्या प्रत्येक औषधाची मारण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि प्रत्येकाच्या पाठीशी वेगळ्या भूमीतले कष्ट आहेत. ऑक्सॅलिप्लॅटिन जपानमधील नागोया येथे योशिनोरी किदानी यांनी 1976 मध्ये शोधले आणि ते फ्रान्समध्ये वाढले. इरिनोटेकनचे मूळ तर आपल्या परिसराशीही जोडलेले आहे. चीनमधील एका झाडातून 1966 मध्ये कॅम्पटोथेसिन वेगळे करणाऱ्या जोडगोळीतले एक मनरो वॉल. दुसरे मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि पुढे अमेरिकेत. मूळ रेणू 1970 च्या दशकात रुग्णांना दिला तेव्हा त्याचे दुष्परिणाम सोसवेनात, म्हणून तो मागे पडला. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी त्यात फेरफार करून इरिनोटेकन बनवले. दरम्यान, हेच कॅम्पटोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या झाडातही भरपूर असल्याचे टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 मध्ये दाखवले. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. त्या शोधाची किंमत नरक्याला मोजावी लागली. लाकडाला परदेशातून मागणी आली आणि बेसुमार तोड व तस्करीमुळे पश्चिम घाटाच्या अनेक भागांत तो दुर्मिळ झाला.

फोल्फिरिनॉक्सची चाचणी 342 रुग्णांची होती. 2010 मध्ये शिकागोतील कर्करोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात निकाल मांडला गेला आणि 2011 मध्ये छापला गेला. जेमसिटाबिनच्या 6.8 महिन्यांसमोर 11.1 महिने. गाठ आक्रसणाऱ्यांचे प्रमाण 9.4 टक्क्यांवरून 31.6 टक्क्यांवर. इतकी वर्षे दहा-दहा दिवसांसाठी झगडणाऱ्या क्षेत्रात हा आकडा काय वाटला असेल, याची कल्पना करता येते. चाचणीला कोणा कंपनीचा रेटा नव्हता. पैसा मुख्यतः फ्रेंच सरकारच्या रुग्णालयीन संशोधन निधीतून आला होता, आणि उपचारातले कोणतेच औषध नवे नव्हते. माझ्या मते हा योगायोग नव्हे. विक्रीत असलेल्या औषधाला नवे औषध जोडण्यात ज्यांचे हित गुंतलेले नव्हते, त्यांनाच ते औषध काढून टाकून नव्याने बेरीज मांडणे सुचले.

यावर पहिला आक्षेप असा, की हा विजय निवडक रुग्णांचा आहे. तो खरा आहे. चाचणीत 76 वर्षांखालचे, हिंडतेफिरते आणि बिलिरुबिन हे काविळीचे रंगद्रव्य जवळपास ताळ्यावर असलेले रुग्णच घेतले होते. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असलेल्यांना कावीळ होते, त्यामुळे असे रुग्ण त्यात तुलनेने कमी होते. सत्तरी उलटलेल्या, वजन उतरलेल्या, खाटेवरच्या माणसाला हे आकडे लावता येत नाहीत. पण बेव्हासिझुमॅबच्या पहिल्या अभ्यासातील निवड आणि ही निवड यांत मूलभूत फरक आहे: इथे दोन्ही बाजूंना तेच निवडक रुग्ण होते. निवडीने आकडा वर नेला असेल, तर तो जेमसिटाबिनच्या बाजूलाही वर नेला. सव्वाचार महिन्यांचा फरक औषधांचाच राहतो. दुसरा आक्षेप त्रासाचा. पंधरवड्यातून एकदा रुग्णाला दिवसभर सलाइन लागते. मग छातीत बसवलेल्या पोर्टला लहान पंप जोडून घरी पाठवतात आणि फाइव्ह-एफयू 46 तास थेंबथेंब जात राहते. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे फ्रिजमधल्या बाटलीला हात लावला तरी बोटांत झिणझिण्या उठतात. इरिनोटेकनमुळे जुलाब लागतात. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रमाण 45.7 टक्के होते, जेमसिटाबिनमध्ये 21 टक्के. असे असताना हे महिने कोणाच्या उपयोगाचे? याचे उत्तर रुग्णांनीच भरलेल्या प्रश्नावल्यांत आहे. सहा महिन्यांनंतर जीवनमान ठळकपणे ढासळलेल्यांचे प्रमाण फोल्फिरिनॉक्सच्या बाजूला 31 टक्के होते, जेमसिटाबिनच्या बाजूला 66 टक्के. औषध त्रास देते, पण मोकाट सुटलेला रोग त्याहून जास्त देतो. हे आधी कोणी ठामपणे सांगू शकत नव्हते, कारण आधीच्या जोडण्यांत रोग आवरलाच जात नव्हता.

दोन वर्षांनी दुसरी जोडणी जमली. मनसुख वाणी आणि वॉल यांनीच 1971 मध्ये ज्याची रचना जगापुढे मांडली, ते टॅक्सॉल म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांत बांधून जेमसिटाबिनसोबत दिले गेले. पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगावर आज जगभर ज्या दोन जोडण्या प्रामुख्याने दिल्या जातात, त्या दोन्हींत नंदुरबारच्या या संशोधकाच्या कामातून आलेला रेणू आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही, असायला हवी. डॅनियल व्हॉन हॉफ यांच्या नेतृत्वाखालील 861 रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान 6.7 वरून 8.5 महिन्यांवर गेले. या औषधामागची उपपत्ती देखणी होती: गाठीभोवतीच्या दाट तंतुमय आवरणात ‘स्पार्क’ नावाचे प्रथिन असते, ते अल्ब्युमिनला ओढून घेते, म्हणून औषध नेमके तिथे साचते. पण त्याच चाचणीतील नमुने तपासल्यावर दिसले की स्पार्क जास्त असो वा कमी, फायद्यात फरक पडत नव्हता. उपपत्ती पडली, औषध टिकले. याच्या अगदी उलटही घडले. तेच तंतुमय आवरण मोडून औषधाला वाट करून द्यायची, ही कल्पना उंदरांवरच्या प्रयोगांत इतकी सुंदर चालली होती, की 2009 मध्ये तिचा गाजावाजा झाला. माणसांवर आवरण रोखणारे सॅरिडेजिब जेमसिटाबिनला जोडले तेव्हा ते घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली आणि 2012 मध्ये चाचणी थांबवावी लागली. आवरणातील हायलुरोनिक आम्ल विरघळवणारे पेग-पीएच-20 फोल्फिरिनॉक्सच्या सुधारित रूपाला जोडले, तर मध्यक आयुर्मान 14.4 महिन्यांवरून 7.7 महिन्यांवर आले. निम्मे. एका औषधाची भर घातली आणि आयुष्य अर्धे झाले. तुलनेचा गट नसता, तर 7.7 हा आकडा जुन्या जेमसिटाबिनच्या मानाने बरा म्हणून खपूनही गेला असता.

औषधांची संख्या म्हणजे उपचाराची ताकद नव्हे, याचा ताजा पुरावा 2023 मधला आहे. त्या वर्षी इरिनोटेकन मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून तयार केलेली चार औषधांची जोडणी आणि जेमसिटाबिन–पॅक्लिटॅक्सेलची जोडी यांची 770 रुग्णांत समोरासमोर तुलना झाली, 11.1 महिने विरुद्ध 9.2. त्याच वर्षी जपानच्या सहकारी गटाने उलटा निकाल मांडला: जेमसिटाबिन–पॅक्लिटॅक्सेलने सुमारे 17 महिने, सुधारित फोल्फिरिनॉक्सने सुमारे 14. यावरून सगळा पुरावाच डळमळीत आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. दोन्ही ठिकाणचे रुग्ण, डोस आणि पहिला उपचार थकल्यावर मिळणारा दुसरा उपचार वेगळा होता. दोन्ही चाचण्या मिळून एवढेच सांगतात, की दोन आणि चार यांतला फरक लहान आहे आणि निवड रुग्णाकडे पाहून करायची आहे. जपानच्या आकड्याशी दुसऱ्या चाचणीचा आकडा जोडून ‘हे औषध श्रेष्ठ’ म्हणणे म्हणजे 1980 च्या दशकातली चूक नव्या कागदावर करणे होय.

रुग्णाकडे पाहणे म्हणजे आता त्याच्या जनुकांकडेही पाहणे आले. ज्यांच्यात जन्मजात बीआरसीए जनुकाचा दोष असतो, त्यांची गाठ प्लॅटिनम वर्गाच्या औषधांना अधिक दाद देते. 2019 मध्ये छापलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीसाठी 3300 हून अधिक रुग्ण तपासले तेव्हा त्यांतल्या साधारण सात-साडेसात टक्क्यांत हा दोष सापडला. तपासणी केली नाही, तर असा रुग्ण ऑक्सॅलिप्लॅटिनविना राहू शकतो. इरिनोटेकनचा निचरा करणाऱ्या यूजीटी1ए1 जनुकाचा मंद पाठ भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो. अशा माणसाला पूर्ण डोस दिला तर जुलाब आणि पांढऱ्या पेशींची घसरण जिवावर बेतू शकते. फ्रान्समध्ये ठरलेला डोस नाशिक-नागपूरच्या रुग्णाला जसाच्या तसा द्यावा की नाही, हा प्रश्न इथल्या डॉक्टरांपुढे रोजचा आहे, आणि त्याचे उत्तर इथल्या रुग्णांवर केलेल्या तुलनेतूनच यायला हवे.

घरात हा आजार आला, तर वाचकांनी डॉक्टरांना काही गोष्टी न संकोचता विचाराव्यात. सुचवलेली जोडणी कशाशी तुलना करून सिद्ध झाली आहे, आणि त्या चाचणीतले रुग्ण आपल्या माणसासारखे होते का? बीआरसीएची तपासणी झाली का? वेदनाशमन आणि आहाराचा तज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत असेल का? चाचणीत भाग घेण्याची संधी आली, तर ‘आमच्यावर प्रयोग नको’ म्हणून तिला पाठ फिरवण्याआधी संमतिपत्र नीट वाचावे आणि तुलनेच्या गटाला कोणता उपचार मिळणार आहे ते पाहावे. तो आजचा सर्वोत्तम मान्य उपचार असेल, तर तुलनेच्या गटाची चिठ्ठी निघाली तरी आपल्या माणसाचा हक्काचा उपचार बुडत नाही.